पाठ धरून बसलेल्या आजीकडे नीट पाहा



आपल्या फिरत्या दवाखान्यात लोक कोणती तक्रार घेऊन सर्वांत जास्त येतात, असे मंडळीतील अनेक जण मला विचारतात. ताप, खोकला, खरूज अशी उत्तरे त्यांना अपेक्षित असतात. पण साठीच्या पुढची माणसे समोर बसली की एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते, "बाय, कंबर लय दुखते." हे वाक्य इतके नेहमीचे झाले आहे की ऐकणाऱ्याचे त्याकडे लक्षच जात नाही. वय झाले, कष्ट केले, म्हणून दुखते, असे घरचे म्हणतात आणि दुखणाऱ्या आजीलाही तसेच वाटते. वेदनेची एक गोळी दिली की विषय संपतो.

बहुतेक वेळा ते दुखणे खरोखर स्नायूंचे किंवा झिजलेल्या सांध्यांचेच असते. पण त्यातल्या काही जणींचा मणका मोडलेला असतो आणि ते कोणालाच ठाऊक नसते. मणक्याच्या अशा तीन फ्रॅक्चरपैकी जवळजवळ दोन डॉक्टरांकडून ओळखलीच जात नाहीत, असे जगभरचा अनुभव सांगतो. हे फ्रॅक्चर ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. चार प्रश्न, दोन हात आणि घराची एक भिंत एवढ्यावर संशय घेता येतो. म्हणून या अंकात हा विषय आपल्यापुढे ठेवते आहे. तो कातकरी वाड्यांसाठी जितका महत्त्वाचा आहे, तितकाच आपल्या घरातल्या आणि उपासनेला आपल्या शेजारी बसणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीही आहे.

रत्नागिरीत हा प्रश्न मोठा का?

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. घरातला कर्ता पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला जातो आणि गावात आई, आजी, मावशी उरतात, हे आपण सर्व जाणतो. कातकरी वाड्यांवर चित्र थोडे वेगळे असले तरी शेवट तोच. दिवाळीनंतर धडधाकट माणसे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघून जातात. नातवंडे, कोंबड्या आणि पाण्याचा हंडा म्हाताऱ्या आजीच्या वाट्याला येतो. तिची पाठ गेली की त्या घराचे पाणी आणि चूल दोन्ही थांबतात.

मणका मोडतो म्हणजे काय होते?

आपल्या पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ५ असे एकूण २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. मणक्याचा पुढचा भाग गोल ठोकळ्यासारखा असतो आणि शरीराचा भार तोच पेलतो. आतून तो मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो. वय वाढते तशी ही जाळी विरळ होत जाते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर पहिली काही वर्षे ती फार झपाट्याने विरते. यालाच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा म्हणतात. जाळी विरत असताना काहीच दुखत नाही, म्हणून कोणाला पत्ताही लागत नाही.

मग एके दिवशी अगदी साध्या कारणाने तो ठोकळा पुढच्या बाजूने दबतो आणि लाकूड फोडताना लावतात त्या पाचरीसारखा होतो. हात-पाय मोडला तर सूज येते, वाकडेपणा दिसतो. इथे बाहेरून काहीच दिसत नाही. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्या सांध्यावर, म्हणजे शेवटच्या बरगड्यांच्या पातळीवर, ही फ्रॅक्चर जास्त होतात. त्याखालोखाल ती पाठीच्या मध्यभागी आढळतात.

लोकांमध्ये "मणक्यात गॅप आहे" असा एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे. पाठीच्या कुठल्याही दुखण्याला तो लावतात. गादी झिजणे वेगळे आणि मणका दबणे वेगळे. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून "गॅप आहे" एवढ्यावर समाधान मानू नये.

काय विचारावे?

पहिला प्रश्न, दुखणे कसे सुरू झाले? झिजेची कंबरदुखी वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. मणका दबल्याचे दुखणे बहुधा एका क्षणी सुरू होते आणि तो क्षण आजीला आठवत असतो. खेड तालुक्यातल्या एका वाडीवर एका आजींनी मला सांगितले, "पडले नाय बाय. नुसता हंडा उचलला, पाठीत कट्ट झालं नि मी तिथंच बसले." दुसरी एक बाई एसटीच्या मागच्या सीटवर बसली होती. खड्ड्यात गाडी आदळली आणि ती सीटवरून वर उडून खाली बसली, तेव्हापासून तिचे दुखणे सुरू झाले. मोळी उचलणे, जोराने खोकणे, खाली वाकून चुलीतले लाकूड सारणे, एवढेही पुरते. "पडलात का?" या प्रश्नाला "नाही" असे उत्तर आले म्हणून फ्रॅक्चर नाही, असे समजू नका.

दुसरा प्रश्न, केव्हा दुखते? उभे राहिल्यावर, चालताना, अंथरुणात कूस बदलताना आणि झोपेतून उठून बसताना कळ येते, पण आडवे पडल्यावर बराच आराम वाटतो, ही या दुखण्याची नेहमीची रीत आहे. कळ कधी पाठीतून दोन्ही बाजूंनी बरगड्यांखालून पोटाकडे पट्ट्यासारखी येते. मग तिला पित्त किंवा मुतखडा समजून भलतीच औषधे चालू राहतात.

तिसरा प्रश्न, वय किती? वाडीवर अनेकांना जन्मतारीख माहीत नसते. त्यावर आमच्याकडे एक उपाय आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या लक्षात आहे. "भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?" असे विचारले की अंदाज येतो. जी बाई तेव्हा लग्नाची होती, ती आज सत्तरीच्या पुढे आहे.

चौथा प्रश्न, हाडे लवकर ठिसूळ होण्याचे कारण आहे का? पाळी चाळिशीतच थांबली का? तरुणपणी पिशवी काढली का? आधी किरकोळ पडण्याने मनगट किंवा खुबा मोडला होता का? आईला पोक होते का? विडी किंवा दारू चालते का? दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या आहेत का? बाजारात कोणी न सांगता पुडीत बांधून दिलेले "जालीम" औषध घेतले असेल तर तेही सांगावे. त्यात काय मिसळले आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. हे प्रश्न पुरुषांनाही विचारायचे. हा रोग स्त्रियांना जास्त होत असला, तरी पुरुष त्यातून सुटत नाहीत.

भिंत, बोटे आणि दोरी

आजीला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे करा. टाचा भिंतीला टेकलेल्या आणि नजर समोर असावी. डोक्याची मागची बाजू भिंतीला सहज टेकली पाहिजे. टेकत नसेल, डोके पुढेच राहत असेल, तर पाठीला बाक आला आहे.

मग तिच्या शेवटच्या बरगडीखाली आणि कमरेच्या हाडाच्या वर किती जागा आहे ते पाहा. दोन बोटे आडवी मावत नसतील, तर बरगड्या खाली उतरल्या आहेत, म्हणजेच कणा आखूड झाला आहे.

तिसरी गोष्ट उंची. तरुणपणापेक्षा ४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उंची कमी झाली असेल तर मणके दबल्याचा संशय घ्यावा. तरुणपणीची उंची माहीत नसेल तर दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोरीने मोजतात. हे अंतर साधारण तरुणपणीच्या उंचीइतके असते. दोरीपेक्षा आजी बरीच ठेंगणी भरली, तर विचार करायला हवा. "लुगडं आता जमिनीवर लोळतं", "फळीवरचा डबा आता हाती येत नाही" अशा बोलण्यातूनही तेच कळते.

शेवटी आम्ही परिचारिका किंवा डॉक्टर कण्याच्या मधोमध वरून खाली हलकेच ठोकून पाहतो. एकाच ठिकाणी ती दचकली, तर खूण पक्की होत जाते. हे घरी जोराने करून पाहू नये.

या खुणांपैकी एखादी एकटी असेल तर तिने काही सिद्ध होत नाही. पण वय जास्त, दुखणे अचानक सुरू झालेले आणि त्यासोबत एक-दोन खुणा असतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. तो बाजूने काढलेला हवा. समोरून काढलेल्या चित्रात दबलेला मणका सहज निसटतो. चिठ्ठी देताना डॉक्टरांना "आजींची उंची कमी झाली आहे, मणका दबला आहे का ते पाहाल का?" असे विचारायला संकोच करू नका. खेडजवळ कळंबणी आणि चिपळूणजवळ कामथे इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. पैशाअभावी एक्स-रे राहिला, असे होऊ देऊ नका.

उसण, पायाळू आणि चटके

अचानक पाठ धरली की गावात "उसण भरली" म्हणतात. मग तेल लावून जोराने रगडतात किंवा पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेतात. काही ठिकाणी चटकेही देतात. साधी उसण चार दिवसांत आपोआप सुटते आणि श्रेय पायाळूला मिळते. पण मणका दबलेला असेल तर वरून दिलेला दाब त्याला आणखी दाबतो. हंडा उचलणाऱ्या ज्या आजींचे मी वर सांगितले, त्यांच्याकडे पायाळू नातेवाईक दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्यांच्या सुनेला मी रागावले नाही. ती आजींवर माया करूनच ते करत होती. मी तिला एवढेच सांगितले, "आधी फोटो काढू. हाड मोडलेलं नसलं तर मग बघू." एक्स-रेमध्ये पाठीचा बारावा मणका पुढून निम्म्यापर्यंत दबलेला निघाला. त्याच्यावरचा एक मणकाही जुना दबलेला होता. तो केव्हा दबला हे कोणालाच आठवत नव्हते.

हे जुने फ्रॅक्चर महत्त्वाचे आहे. मणक्याचे दुखणे बहुधा सहा ते बारा आठवड्यांत ओसरते, त्यामुळे माणूस ते विसरतो. पण पहिले फ्रॅक्चर दुसऱ्याची वर्दी असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मणक्याचे नवे फ्रॅक्चर झालेल्या दर पाच स्त्रियांपैकी सुमारे एकीला वर्षभरातच आणखी एक झाले. एकामागून एक मणके दबत गेले की पोक येते, पोट पुढे येते, दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते, दम लागतो, तोल जातो. नंतर पडून खुबा मोडला की आजी अंथरुणाला खिळते. पहिल्या मणक्यालाच ओळखले, तर ही साखळी तिथेच अडवता येते.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा न्यावे?

पायांतली शक्ती कमी होत असेल, बसण्याच्या जागी बधिरपणा असेल, लघवी अडत असेल किंवा लघवी-शौचावर ताबा राहत नसेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. ताप, संध्याकाळी कसर, वजन घटणे, रात्री आडवे पडूनही न थांबणारी कळ, पूर्वी झालेला कर्करोग, यांपैकी काही असेल तरी वेळ घालवू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही आढळतो आणि तोही मणका दबवून पोक आणतो. एका वाडीवर पोक आलेल्या आजोबांच्या घरी खोकल्याचा जुना रुग्ण होता आणि आजोबांचे वजनही उतरले होते. तपासणीत क्षय निघाला. क्षयाची औषधे सरकारकडून मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर मणका वाचतो. म्हणून मोडलेला मणका दिसला की डॉक्टर रक्तही तपासतात. क्षय किंवा मायलोमासारखा रक्ताचा कर्करोग त्यामागे नाही ना, हे पाहावे लागते.

उपचार काय?

वेदनेसाठी डॉक्टर सांगतील ते औषध घ्यावे आणि थोडे दिवस विश्रांती घ्यावी. पण महिनाभर अंथरुणात निजवून ठेवू नये. पडून राहिल्याने हाडे आणि स्नायू आणखी दुबळे होतात. काठी घेऊन, आधार देऊन लवकर उठवावे.

त्यानंतर हाडांचे औषध. मोठ्या शहरांत डेक्सा नावाच्या तपासणीने हाडांची घनता मोजतात. ती झाली तर चांगलेच. पण किरकोळ कारणाने मणका दबला आणि दुसरा आजार नाही हे कळले, तर डेक्साची वाट पाहत उपचार थांबवायचे कारण नाही. अलेन्ड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवे पडू नये, काही खाऊ नये. नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. आमच्या काही आजींनी त्यासाठी रविवार ठरवला आहे. गोळी घ्यायची, तयार व्हायचे आणि उपासनेला निघायचे, म्हणजे विसर पडत नाही. ज्यांना गोळी झेपत नाही त्यांच्यासाठी झोलेड्रॉनिक अॅसिडचे वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषध आहे. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत, कारण आधी मूत्रपिंड आणि रक्तातले कॅल्शियम तपासावे लागते.

ताटात काय असावे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गरीब वस्तीतल्या ३० ते ६० वर्षांच्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या रोजच्या जेवणात सरासरी सुमारे २७० मिलिग्रॅमच कॅल्शियम होते. प्रौढ माणसाला रोज १,००० मिलिग्रॅम आणि पाळी थांबलेल्या स्त्रीला १,२०० मिलिग्रॅम लागते. नुसत्या भातावर जगणाऱ्याला ते मिळणे शक्य नाही, कारण तांदळात कॅल्शियम नाममात्र असते.

आपल्या डोंगरउतारांवरची नाचणी मात्र या बाबतीत श्रीमंत आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. रोज नाचणीची भाकरी किंवा आंबील, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी, तीळ, हिरव्या पालेभाज्या आणि मिळेल तेव्हा दूध-ताक एवढे ताटात आले, तर मोठा फरक पडतो. त्याला उन्हाची जोड हवी, म्हणजे ड जीवनसत्त्व तयार होते. पावसाळ्यात आणि घरातच बसून राहणाऱ्यांना ते कमी पडते. अशांना डॉक्टर गोळ्या किंवा पुड्या देतात.

आणि पडणे टाळावे. अंगणातल्या जांभ्या दगडावर पावसाळ्यात शेवाळ धरते, ते खरवडून काढा. रात्री बाहेर जाताना बॅटरी हाताशी ठेवा. भरलेल्या हंड्याऐवजी दोन लहान कळश्या द्या आणि उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकायला शिकवा.

मंडळीने काय करावे?

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे वाकलेल्या एका स्त्रीची हकिकत आहे. तिचा आजार कोणता होता हे सांगण्याचा माझा हेतू नाही. पण ती सभास्थानात, सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. लोकांना तिच्या वाकण्याची सवय झालेली असावी. प्रभूने मात्र तिला पाहिले आणि जवळ बोलावले. बरे करणे त्यानंतर आले. आपण निदान पाहण्याचे काम तरी करू शकतो. येत्या रविवारी उपासनेनंतर आपल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना भिंतीशी उभे करून उंचीची खूण करा, नाव आणि तारीख लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. २ सेंटिमीटर जरी उतरली, तरी डॉक्टरांना दाखवा. वाड्यांवर हेच काम आमचे स्वयंसेवक दोरी आणि खडू घेऊन करत आहेत.

हंडा उचलणाऱ्या आजी आता काठी घेऊन चालतात. त्यांचे पोक गेलेले नाही आणि जाणारही नाही. पण नवा मणका दबलेला नाही, आणि पाणी आता सून व नातू दोन फेऱ्यांत आणतात.

प्रार्थनेसाठी विषय

• वाड्यांवर एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी आणि कामासाठी दूर गेलेल्या त्यांच्या मुलांसाठी.

• एक्स-रेसाठी रुग्णांना वाडीवरून रुग्णालयात नेणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आणि पावसाळ्यातल्या त्यांच्या प्रवासासाठी.

• आठवड्याची गोळी न चुकता घेण्याची चिकाटी आमच्या आजी-आजोबांना लाभावी म्हणून.

• आपल्या देणगीतून आलेल्या नाचणी आणि औषधांबद्दल उपकारस्तुती करा.